पहारेकऱ्याच्याच घरात शिरलेला चोर

डुकरांच्या रोगाचे नाव निघाले की महाराष्ट्रातील माणसाला २००९ सालचा ऑगस्ट महिना आठवतो. स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला, नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या आणि तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय घराबाहेर पडू नये, हा धडा पुणेकरांनी करोनाच्या दहा-अकरा वर्षे आधीच गिरवला. तेव्हापासून ‘डुक्कर’ आणि ‘विषाणू’ हे दोन शब्द एका ओळीत दिसले की घरातील वडीलधाऱ्यांचे मन चरकते. ईशान्य भारतात डुकरे दगावल्याची बातमी येते, आणि वृत्तपत्राचा तो कोपरा पुढे करून आजोबा विचारतात, “हे आपल्याकडे येणार का?”

ज्या विषाणूची हकिकत येथे सांगायची आहे, त्याच्यापुरते या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. तो डुकरांनाच बाधतो. माणसाला त्याची लागण झाल्याचे आजवर आढळलेले नाही. त्या रोगाला पशुवैद्यक ‘पीआरआरएस’ म्हणतात, म्हणजे वराहांच्या प्रजननसंस्थेचा आणि श्वसनसंस्थेचा विकार. २००९ चा विषाणू इन्फ्ल्यूएन्झाच्या कुळातला होता आणि तो माणसाकडून माणसाकडे जात होता. हा सर्वस्वी वेगळ्या कुळातला आहे.

मग कुटुंबाच्या आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात त्याला जागा कशासाठी? कारण हा विषाणू शरीरात ज्या वाटेने शिरतो, ती वाट समजली की वृद्धांच्या बाबतीत वारंवार पडणाऱ्या एका कोड्याचा उलगडा होऊ लागतो. साधा फ्लू झाला, ताप उतरला, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि आठवड्याभराने त्याच माणसाला न्यूमोनियाने रुग्णालयात न्यावे लागले; असे का होते? ‘प्रतिकारशक्ती कमी पडली’ हे त्याचे नेहमीचे उत्तर. ते खोटे नाही. पण फार ढोबळ आहे. कधीकधी शक्ती कमी पडलेली नसते, पहारेकरीच कामावर नसतो.

वायुकोशातला पहारा

आपल्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात. प्रत्येक श्वासाबरोबर त्यांच्यापर्यंत हवा पोहोचते आणि हवेबरोबर धूळ, धूर, परागकण, बुरशीचे बीजाणू, जिवाणू असे नाना प्रकार पोहोचतात. इतक्या आत झाडू पोहोचवणार कोण? ते काम ज्या पेशी करतात, त्यांना मॅक्रोफेज म्हणजे महाभक्षक पेशी असे नाव आहे. वायुकोशाच्या आतल्या अंगाला या पेशी सरपटत फिरतात, जे परके सापडेल ते गिळतात आणि पोटातल्या आम्लात पचवून टाकतात. परक्याची ओळख पटली की इतर पेशींना वर्दी देणे हेही त्यांचेच काम.

या भक्षणाचा शोध १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना गावी लागला. इल्या मेच्निकोव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक डिंभात एक बारीक काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहतो तो काट्याभोवती पेशींनी गर्दी केलेली! शरीर स्वतःच्या पेशींकरवी परक्याला घेरते, ही कल्पना तेव्हा अनेकांना पटली नव्हती. पुढे १९०८ साली पॉल एर्लिख यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मॅक्रोफेजचे दुसरे एक काम आहे आणि आपल्या कथेत तेच कळीचे ठरते. रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. मोठ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक जुन्या तांबड्या पेशींची विल्हेवाट लागत असते. त्यांतल्या काही वाटेतच फुटतात आणि त्यांच्यातील हिमोग्लोबिन रक्तात मोकळे होते. पेशीच्या आत गुणकारी असलेले हे द्रव्य बाहेर मोकाट फिरू लागले तर मूत्रपिंडांना आणि रक्तवाहिन्यांना इजा करते. म्हणून हॅप्टोग्लोबिन नावाचे एक प्रथिन त्याला धरून ठेवते, आणि ती जोडगोळी मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावरील एक विशिष्ट प्रथिन उचलून आत घेते. त्या प्रथिनाचे नाव सीडी-१६३. त्याचे हे काम डेन्मार्कमधील संशोधकांनी २००१ साली उघड केले. थोडक्यात, सीडी-१६३ हा सफाई कामगाराचा हात आहे. लढाईशी त्याचा थेट संबंध नाही.

चोराने नेमका हाच हात धरला.

गूढ रोग

१९८७ च्या सुमारास अमेरिकेतील वराहपालन केंद्रांत एक चमत्कारिक साथ सुरू झाली. दिवस भरत आलेल्या डुकरिणी गाभ टाकू लागल्या. मृत पिल्ले, पोटातच सुकून गेलेली पिल्ले, जन्मल्यावर काही दिवसांत दगावणारी अशक्त पिल्ले. जी जगली त्यांना धाप लागायची. काही जनावरांचे कान निळसर पडत, त्यामुळे ब्रिटनमध्ये ‘निळ्या कानाचा रोग’ असे नाव रूढ झाले. अमेरिकेत मात्र कारणच कळेना म्हणून लोक त्याला सरळ ‘डुकरांचा गूढ रोग’ म्हणत. १९९० च्या अखेरीस तो जर्मनीत दिसला, पाठोपाठ नेदरलँड्समध्ये.

नेदरलँड्समधील लेलिस्टाड येथील पशुवैद्यकीय संस्थेत १९९१ साली हा विषाणू वेगळा करण्यात आला. विषाणू प्रयोगशाळेत वाढवायचा तर त्याला जिवंत पेशी द्याव्या लागतात. या पाहुण्याला कोणत्याही पेशी चालत नव्हत्या. तो वाढला डुकराच्या फुप्फुसातून धुऊन काढलेल्या मॅक्रोफेजमध्ये. जी पेशी रोगजंतूंना गिळण्यासाठी आहे, तीच याची कोठी होती! कुंपणच शेत खाते ही म्हण आपल्याकडे माणसांबद्दल वापरतात. येथे मात्र कुंपणाची नियत साफ होती, चोरानेच कुंपणात बिऱ्हाड केले होते.

दार कोणते?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. मॅक्रोफेज वाटेल ते गिळते हे खरे, पण गिळलेले पचवतेही. मग हा विषाणू गिळला जाऊनही जगतो कसा?

विषाणूचा आकार ध्यानात घेतला पाहिजे. याचा व्यास सुमारे ५० ते ६५ नॅनोमीटर, म्हणजे हजार विषाणू एका ओळीत मांडले तर जेमतेम एका केसाची जाडी भरेल. आत आरएनएचा एक धागा, त्यावर सुमारे १५,००० अक्षरांचा मजकूर. बाहेर मेदाचे पातळ आवरण आणि त्यात रोवलेली काही प्रथिने. या प्रथिनांवर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात व त्यांच्या टोकाला सियालिक आम्ल असते. हे आम्ल विषाणूचे स्वतःचे नव्हे. ज्या पेशीत तो तयार झाला तिच्याच यंत्रणेने ते त्याच्या अंगावर चढवलेले असते. चोर घरच्याच माणसाचा अंगरखा घालून आला आहे, असे म्हणा.

मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावर सियालिक आम्ल ओळखणारे एक प्रथिन असते, सियालोअ‍ॅधेसिन. अंगरखा ओळखीचा वाटताच ते विषाणूला पकडते. मग पेशीचा पडदा त्या जागी आत वळतो, त्याची एक सूक्ष्म पिशवी तयार होते आणि विषाणू तिच्यासह पेशीच्या आत ओढला जातो. येथवर सारे नित्याच्या कामाप्रमाणे चालले आहे. पेशीच्या दृष्टीने आणखी एक भक्ष्य आत आले. आता पिशवीत आम्ल सोडायचे, विकरे सोडायची आणि भक्ष्याचा चुरा करायचा.

बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी सियालोअ‍ॅधेसिनचे हे काम उलगडले, आणि पुष्कळ वर्षे हेच मुख्य दार आहे असा समज होता. परंतु विज्ञानात समजाची परीक्षा घेण्याचा एक निर्दय मार्ग असतो. ती गोष्ट काढून टाका आणि पाहा. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात सियालोअ‍ॅधेसिनचे जनुक निकामी केलेली डुकरे तयार करण्यात आली. २०१३ साली जाहीर झालेला निष्कर्ष असा की, या डुकरांनाही हा रोग इतरांसारखाच झाला. ज्याला आपण दार समजत होतो ती नुसती ओसरी निघाली. तेथे बसता येते, पण तेथून वळसा घालूनही घरात जाता येते.

खरे दार सीडी-१६३ होते. त्याचा सुगावा २००७ सालीच लागला होता. ज्या पेशींना हा विषाणू कधी शिवत नसे, त्यांच्यात सीडी-१६३ चे जनुक घातल्याबरोबर त्या बाधित होऊ लागल्या होत्या. गंमत अशी की हे दार घराच्या दर्शनी भिंतीत नाही. विषाणूचा आणि सीडी-१६३ चा निर्णायक संबंध येतो तो पेशीच्या आत गेलेल्या त्या पिशवीत. तेथील आम्ल हे इतर जंतूंना मृत्यू, आणि या विषाणूला मात्र खूण. आम्लता वाढू लागली, विकरांनी आपले काम सुरू केले, विषाणूच्या अंगावरील प्रथिनांनी सीडी-१६३ ला धरले, की विषाणूचे आवरण पिशवीच्या पडद्याशी एकरूप होते आणि आतला आरएनएचा धागा पेशीच्या गाभ्याभोवतीच्या द्रवात मोकळा होतो. पचवण्यासाठी पेटवलेल्या चुलीवर चोराने आपलीच भाकरी भाजून घेतली.

पुढचे वेगाने घडते. या आरएनएची लिपी पेशीची यंत्रणा थेट वाचू शकते. पेशी तो मजकूर आपलाच हुकूम समजून पाळते, विषाणूची प्रथिने घडवते, धाग्याच्या प्रती काढते. नवे विषाणू बाहेर पडतात, आणि यथावकाश मॅक्रोफेज मरते.

येथे एक शंका सुजाण वाचकाच्या मनात आली असेल. आपल्याही मॅक्रोफेजवर सीडी-१६३ असते, मग आपण कसे सुटलो? एखाद्या प्राण्यात बस्तान बसवायचे तर विषाणूला एका दारापेक्षा पुष्कळ काही लागते. दार असल्याशिवाय आत जाता येत नाही. पण दार आहे म्हणून संसार थाटता येतोच असेही नाही.

आत शिरल्यानंतर

पेशीत विषाणू शिरला की एरवी ती इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. पीआरआरएसचा विषाणू ही हाक दाबून धरतो. त्यामुळे शरीराला उशिरा जाग येते. आठवड्या-दीड आठवड्यात डुकराच्या रक्तात प्रतिपिंडे दिसू लागतात खरी, पण विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे यायला चार आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. तोवर विषाणू टॉन्सिलमध्ये आणि लसिकाग्रंथींत दडून बसलेला असतो. तेथे तो पाच महिन्यांपर्यंत सापडला आहे. जनावर बरे दिसते, चरते, वजन धरते आणि तरीही दुसऱ्याला लागण देऊ शकते.

त्यातही एक विपरीत गोष्ट अशी की, अपुरी प्रतिपिंडे कधीकधी चोराला मदत करतात. प्रतिपिंड विषाणूला चिकटते, पण त्याला मारत नाही. मॅक्रोफेज मात्र प्रतिपिंड लागलेली वस्तू अधिक उत्साहाने गिळते. अशा रीतीने विषाणूला पालखीत बसवून आत नेले जाते. पीआरआरएसमध्ये हा प्रकार प्रयोगांतून दिसला आहे. प्रत्यक्ष कळपात त्याचे महत्त्व किती, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. माणसांत मात्र याचे एक उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा डेंग्यू होऊन गेल्यावर काही काळाने दुसऱ्या प्रकाराचा झाला तर तो अधिक गंभीर होण्याचा धोका वाढतो, त्यामागे हीच यंत्रणा मुख्यत्वे मानली जाते. ‘मला एकदा डेंग्यू होऊन गेला आहे, आता काळजी नाही,’ असे म्हणणारे ज्येष्ठ नागरिक अनेक घरांत भेटतात. त्यांना हे आवर्जून सांगावे.

पीआरआरएसने डुक्कर मरते ते पुष्कळदा एकट्या या विषाणूने नव्हे. वायुकोशातले मॅक्रोफेज कमी झाले, उरलेल्यांची भूक मंदावली, की एरवी नाकाघशात निमूट राहणारे जिवाणू फुप्फुसात उतरतात. पहिला चोर पहारेकऱ्याला बांधून ठेवतो आणि लूट दुसरेच करतात. या दुसऱ्यांपैकी एक, स्ट्रेप्टोकॉकस सुइस हा जिवाणू, कच्चे मांस हाताळताना किंवा अर्धकच्चे खाल्ल्याने माणसालाही बाधू शकतो. त्याने मेंदूज्वर होतो आणि कित्येकांना कायमचे बहिरेपण येते. गोव्यातील किंवा अन्य ठिकाणच्या ज्या घरांत डुकराचे मांस शिजते, तेथे हाताला जखम असताना ते साफ करू नये आणि मांस पुरते शिजवावे, एवढी खबरदारी पुरेशी आहे.

२००६ साली चीनमध्ये या विषाणूचा एक उग्र प्रकार पसरला आणि वीस लाखांहून अधिक डुकरे आजारी पडली. भारतात या रोगाची पहिली नोंद २०१३ साली मिझोराममध्ये झाली. घरामागे दोन-चार डुकरे पाळून मुलांच्या शाळेचा खर्च भागवणाऱ्या कुटुंबांचा तो प्रदेश. तेथे कळप जाणे म्हणजे घरातली ठेव जाणे. पुढे २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला. बातम्यांत अलीकडे जो दिसतो तो बहुधा हा. तोही विषाणू वेगळा, तोही माणसाला होत नाही, आणि योगायोग असा की तोही मॅक्रोफेजमध्येच वाढतो.

दिंडी दरवाजा काढून टाकला

पीआरआरएसवर १९९४ पासून अमेरिकेत लस उपलब्ध आहे. पण हा विषाणू इतक्या झपाट्याने रूप पालटतो की लसीचे संरक्षण अपुरे पडते. म्हणून संशोधकांनी प्रश्न उलटा मांडला. चोराला मारता येत नसेल, तर दारच काढून टाकले तर?

मिसुरी विद्यापीठातील चमूने सीडी-१६३ नसलेली डुकरे जन्माला घातली आणि त्यांना साध्या डुकरांबरोबर एकाच जागेत ठेवून विषाणू दिला. साधी डुकरे आजारी पडली. सीडी-१६३ नसलेल्या डुकरांच्या रक्तात ३५ दिवसांच्या त्या प्रयोगात विषाणू आढळला नाही. मात्र सफाई करणारा हातच छाटला तर हिमोग्लोबिनचे काय, ही रास्त शंका होती. तिचे उत्तर स्कॉटलंडमधील रोझलिन संस्थेने दिले. क्लोनिंगने जन्मलेली डॉली मेंढी जेथली, तीच ही संस्था. सीडी-१६३ च्या रेणूत मण्यांच्या माळेसारखे नऊ भाग असतात. विषाणूला त्यांपैकी पाचवा लागतो. हिमोग्लोबिनची जोडगोळी उचलण्याचे काम दुसऱ्याच मण्यांवर होते. रोझलिनच्या संशोधकांनी केवळ पाचवा मणी वगळला. २०१७ आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामातून दिसले की सफाई पूर्ववत चालू राहिली आणि विषाणूला मात्र शिरकाव मिळाला नाही. वाड्याचा महादरवाजा तसाच ठेवून चोर ज्या दिंडी दरवाजातून येत होता तेवढाच चिणून टाकावा, तसे हे झाले. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सीडी-१६३ मध्ये असा बदल केलेल्या डुकरांना खाद्य म्हणून मान्यता दिली. जनुकबदल केलेले प्राणी खावेत की नाही, यावर मतभेद होतील आणि व्हायला हवेत. पण या उपायामागची बुद्धी वादातीत आहे.

माणसांच्या जगातही दार नसल्याचे एक उदाहरण घडून गेले आहे. एचआयव्ही हाही प्रतिकार करणाऱ्या पेशींत शिरणारा विषाणू, आणि त्याला बहुधा सीसीआर-५ नावाचे प्रथिन लागते. काही माणसांत हे प्रथिन जन्मतःच सदोष असते. अशाच एका दात्याचा अस्थिमज्जा-पेशींचा भाग २००७ साली बर्लिनमध्ये टिमोथी ब्राउन या रुग्णाला रक्ताच्या कर्करोगासाठी देण्यात आला, आणि एचआयव्हीतून पूर्णपणे मुक्त झालेला पहिला माणूस म्हणून त्याची नोंद झाली.

पलंगाशेजारी बसणाऱ्यांसाठी

हे सारे वाचल्यावर ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ या घोषणेकडे जरा संशयाने पाहावेसे वाटते. बाजारात या नावाने चूर्णे, चाटणे, गोळ्या आणि सरबते विकली जातात आणि मुलगा-सून प्रेमाने ती आणून देतात. प्रतिकारशक्ती ही बादलीतल्या पाण्यासारखी कमी-जास्त होणारी एकच एक वस्तू असती तर गोष्ट सोपी होती. ती प्रत्यक्षात अनेक कामगारांची वसाहत आहे. डुकरांच्या या रोगात मॅक्रोफेज दुबळी असतात म्हणून विषाणू शिरत नाही. ती तरतरीत असतात, आपले काम चोख करत असतात, म्हणूनच तो शिरतो. आवळा खावा, हळदीचे दूधही प्यावे. चवीसाठी आणि समाधानासाठी. पण त्यांच्या भरवशावर लस किंवा डॉक्टर पुढे ढकलू नये.

मानवी फ्लूचा विषाणू मॅक्रोफेजमध्ये पीआरआरएससारखा संसार थाटत नाही. तथापि उंदरांवरील प्रयोगांत फ्लूच्या पहिल्या आठवड्यात वायुकोशातील मॅक्रोफेजपैकी बहुसंख्य नाहीशी झाल्याचे दिसले आहे. १९१८ च्या महासाथीत दगावलेल्यांच्या जतन केलेल्या ऊतींची अलीकडे पुन्हा तपासणी झाली, तेव्हा बहुतेक मृत्यू पाठोपाठ आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले असावेत, असा निष्कर्ष निघाला. वय वाढले की ही पहारेकरी फळी पुन्हा उभी राहण्यास वेळ लागतो. म्हणून ताप उतरल्यानंतरचा आठवडा हाच खरा डोळ्यांत तेल घालून पाहण्याचा काळ. नेमके याच दिवसांत घरातले सगळे सैलावतात, रजा संपलेली असते, रात्री जागणारे माणूस प्रथमच शांत झोपलेले असते.

ज्येष्ठांच्या न्यूमोनियाची चाल फसवी असते. ताप असेलच असे नाही. खोकलाही जेमतेम. त्याऐवजी आजी एकाएकी गोंधळल्यासारखे बोलू लागतात, जेवणाचे ताट सरकवतात, नेहमीच्या खोलीतून जाताना तोल जाऊन पडतात, दिवसभर पेंगतात. ‘वयच झाले आता’ म्हणून हे सोडून देणे महागात पडते. सर्वांत भरवशाची खूण श्वासांची आहे आणि तिला उपकरण लागत नाही. माणूस शांत बसलेला असताना, त्याला न सांगता, घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट छातीचे वरखाली होणे मोजावे. विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास असतात. आकडा पंचविशीकडे जाऊ लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. तिशी गाठली तर वाट पाहू नये. घरात ऑक्सिमीटर असल्यास ९४ च्या खालील आकडा डॉक्टरांना सांगण्याजोगा आहे. दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या जुन्या रुग्णांनी आपला नेहमीचा आकडा कोणता हे आधीच विचारून ठेवावे.

लसींबद्दल विचारणा वारंवार होते. फ्लूची लस दर वर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. न्यूमोकॉकसची लस त्या ‘दुसऱ्या चोरांपैकी’ सर्वांत सराईत जिवाणूविरुद्ध आहे. कोणती, किती मात्रा आणि केव्हा, हे आपल्या डॉक्टरांनी मधुमेह, हृदयविकार, पूर्वीच्या लसी पाहून ठरवावे. उलटपक्षी, साध्या विषाणुजन्य तापाला घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या देण्याची सवय मोडली पाहिजे. विषाणूवर त्यांचा परिणाम नाही, आणि पुढे खरोखर जिवाणू आला तर तो त्या औषधाला सरावलेला निघू शकतो.

आणखी एक साधी गोष्ट राहून जाते, ती तोंडाची स्वच्छता. वृद्धांचा न्यूमोनिया पुष्कळदा तोंडातील जिवाणू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरल्याने होतो. जपानमधील वृद्धाश्रमांत करण्यात आलेल्या एका अभ्यासात, जेवणानंतर नियमाने दात व हिरड्या स्वच्छ केलेल्या रहिवाशांत न्यूमोनियाचे प्रमाण कमी आढळले. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला भरवताना पाठीशी उशा लावून ताठ बसवावे, आणि जेवणानंतर किमान अर्धा तास आडवे करू नये.

डॉक्टरांना फोन करताना ‘बाबांना बरे वाटत नाही’ एवढ्यावर त्यांना काही ठरवता येत नाही. ताप पहिल्यांदा कोणत्या दिवशी आला, कोणत्या दिवशी उतरला, पुन्हा आला का, मिनिटाला श्वास किती, काल आणि आज काय व किती खाल्ले, लघवी नेहमीसारखी आहे का, बोलणे सुसंगत आहे का, हे एका कागदावर लिहून मग फोन लावावा. तो कागद उशाशीच ठेवावा. रात्रपाळीला बसणाऱ्या दुसऱ्या माणसाला तो लागतो.